साठ मुलांची व्हर्च्युअल शाळा: टक्के बघण्याआधी डोकी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतलं एडिसन सोडून आयोवातल्या एका लहान गावात राहायला जायचं आहे. मुलगी सातवीत आणि मुलगा चौथीत जाईल. गावच्या शाळेबद्दल मन धजत नाही, म्हणून शेजारच्या डिस्ट्रिक्टची (म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेची) व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन, शाळा बघताय. शाळांची माहिती देणाऱ्या एका साइटवर तिचे आकडे मिळाले: एकूण ६० विद्यार्थी, ९० टक्के गोरे, ‘डायव्हर्सिटी स्कोअर’ ०.१९, एका शिक्षकामागे ४० मुलं, मोफत जेवणाला पात्र शून्य टक्के. त्यावरून तुम्ही तीन निष्कर्ष काढलेत: शाळा एकसुरी आहे, वर्गात गर्दी आहे आणि मुलं सुखवस्तू घरांतली आहेत.

आकडे बरोबर असतील. पण तिन्ही निष्कर्ष त्यांतून निघत नाहीत. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: माझ्या मुलांच्या समोर रोज पडद्यावर कोण असेल, आणि ती तिथे एकटी पडतील का? याचं उत्तर त्या पानावर नाही, ते शाळेला विचारूनच मिळेल. काय विचारायचं ते सांगतो. आधी ते आकडे कुठून येतात ते बघू, म्हणजे विचारताना फसगत होणार नाही.

अशा साइटवरचे बहुतेक आकडे एनसीईएस या केंद्र सरकारच्या शिक्षण सांख्यिकी संस्थेच्या ‘कॉमन कोअर ऑफ डेटा’तून उचललेले असतात. शाळा डिस्ट्रिक्टला देते, डिस्ट्रिक्ट राज्याला, राज्य केंद्राला. पटाची तारीख साधारण १ ऑक्टोबर. आपल्याकडे ३० सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता ठरते, तसाच प्रकार. आयोवात निधीसाठीचा पटही १ ऑक्टोबरचाच धरतात, कॅन्ससमध्ये २० सप्टेंबरचा, विस्कॉन्सिनमध्ये सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारचा. म्हणजे ६० हा एका दिवसाचा फोटो आहे, आणि तो साइटवर येईपर्यंत एक-दोन वर्षं जुना झालेला असतो.

व्हर्च्युअल शाळेत हा फोटो जास्तच फसवतो, कारण इथे येणं-जाणं सोपं असतं. ऑक्टोबरमध्ये ६० आणि मे महिन्यात ६० दिसले तरी मधल्या काळात २० गेलेले आणि २० नवे आलेले असू शकतात. म्हणून फक्त मेचा पट विचारू नका. ‘ऑक्टोबरमधल्या ६० पैकी मेमध्ये किती तीच मुलं होती?’ असं विचारा. साठांपैकी पन्नास टिकली असतील तर शाळेत काहीतरी बसलेलं आहे. पस्तीस टिकली असतील तर तुमच्या मुलीची मैत्रीण नाताळनंतर दिसेलच असं नाही.

गेल्या पाच-सहा वर्षांचा आलेख कोणी दाखवला तर तो कुठून सुरू होतो ते बघा. डिस्ट्रिक्टच्या कितीतरी व्हर्च्युअल शाळा २०२० च्या शरदात महासाथीमुळे उभ्या राहिल्या. त्या वर्षीचा पट शिखरावर होता, पुढे उतरणारच होता. त्या उतरणीला ‘लोक सोडून चाललेत’ म्हणणं चुकीचं. २०२२ नंतरचे आकडे तेवढे एकमेकांशी ताडा.

आता अशा साइट शाळेला लावतात त्या ‘ग्रामीण’ या शब्दाकडे. एनसीईएस प्रत्येक शाळेला तिच्या पत्त्यावरून बारापैकी एक स्थानसंकेत देते. ४१, ४२, ४३ हे ग्रामीण. ४३ म्हणजे शहरी भागापासून २५ मैलांहून आणि छोट्या शहरी वस्तीपासून १० मैलांहून दूर. हे अंतर शाळेच्या इमारतीचं असतं. व्हर्च्युअल शाळेची इमारत म्हणजे बहुधा डिस्ट्रिक्ट कार्यालयातल्या दोन खोल्या. मुलं कुठे राहतात याच्याशी त्या संकेताचा संबंध नाही. आयोवातच कंबरलँड, अनिटा आणि मॅसेना या तीन गावांचा सीएएम डिस्ट्रिक्ट आणि गटनबर्गचा क्लेटन रिज डिस्ट्रिक्ट यांनी २०१२ मध्ये खाजगी कंपन्यांच्या साथीने राज्यभरातल्या मुलांसाठी ऑनलाइन शाळा सुरू केल्या. कार्यालय खेड्यात, मुलं राजधानी डे मॉइनपासून सगळीकडची.

लहान डिस्ट्रिक्ट या फंदात का पडतात? निधी मुलामागे येतो म्हणून. आयोवात १९८९ पासून ओपन एनरोलमेंट आहे, म्हणजे मूल दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये शिकायला गेलं की त्याच्या नावचा पैसाही तिकडे जातो. गावातली लोकवस्ती आटत चाललेल्या डिस्ट्रिक्टला बाहेरची चाळीस मुलं म्हणजे एखाददुसऱ्या शिक्षकाची नोकरी वाचवणारी गोष्ट असते. व्हर्जिनियात कॅरोल काउंटीने २००९ मध्ये राज्यव्यापी व्हर्च्युअल शाळा घेतली, तिथलं गणित थोडं वेगळं: गरीब काउंटीला राज्याकडून दरडोई वाटा जास्त मिळतो. यात गैर काही नाही. पण त्यामुळे शाळा दोन तऱ्हेच्या होतात. एकीत सगळी मुलं त्याच डिस्ट्रिक्टची असतात: शिक्षक गावातले, चाचण्या आणि स्नेहमेळावे गावातच. दुसरीत मुलं राज्यभर विखुरलेली. साठ मुलांची शाळा बहुधा पहिल्या तऱ्हेची असते, पण खात्री करून घ्या. ‘साठांपैकी डिस्ट्रिक्टबाहेरची किती?’ हा तुमचा दुसरा प्रश्न.

आता तो डायव्हर्सिटी स्कोअर. बहुतेक साइट तो एका साध्या सूत्राने काढतात: प्रत्येक गटाचा वाटा घ्या, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा आणि १ मधून वजा करा. यादृच्छिकपणे दोन मुलं उचलली तर ती वेगवेगळ्या गटांतली निघण्याची शक्यता साधारण तेवढी. सात गट असल्याने कमाल मूल्य ०.८६ च्या आसपास. देशभरातल्या सरकारी शाळा एकत्र धरल्या तर ०.७ च्या जवळपास येतं.

तुमच्या शाळेचे ६० फोडून बघू. ५४ गोरे, ३ हिस्पॅनिक, २ ‘दोन किंवा अधिक वंश’, १ आशियाई असं धरलं तर वाटे ०.९०, ०.०५, ०.०३३ आणि ०.०१७. वर्गांची बेरीज ०.८१४. स्कोअर ०.१९. जुळलं. आता तुमची दोन मुलं त्यात घाला. एकूण ६२, आशियाई ३. आशियाई टक्का १.७ वरून ४.८ वर, म्हणजे जवळजवळ तिप्पट. स्कोअर ०.१९ वरून ०.२४. एका घरातली भावंडं आली आणि शाळा ‘एका वर्षात लक्षणीयरीत्या वैविध्यपूर्ण’ झाली! उद्या तुम्ही परत गेलात की तितकीच घसरेल. साठ मुलांत टक्का म्हणजे घरं. पाच टक्के हिस्पॅनिक म्हणजे कदाचित एकच आई-बाप आणि त्यांची तीन मुलं. म्हणून शंभराखालच्या पटावर टक्के वाचूच नयेत, डोकी मोजावीत आणि जमलं तर घरं मोजावीत.

गट कसे ठरतात तेही माहीत असू द्या, कारण प्रवेशअर्जात तुम्हालाच खूण करायची आहे. सध्या बहुतेक अर्जांत दोन प्रश्न असतात: आधी ‘हिस्पॅनिक आहात का’, मग वंश. पहिल्याला हो म्हटलं की पुढे काहीही निवडा, मोजणी हिस्पॅनिकमध्येच होते. आई मराठी आणि वडील गोरे असं असेल आणि दोन्हींवर खूण केली तर मूल ‘दोन किंवा अधिक’मध्ये जातं, आशियाईत दिसत नाही. उत्तर कोरं सोडलं तर शाळेच्या कर्मचाऱ्याने बघून ठरवायचं असा नियम आहे, आणि व्हर्च्युअल शाळेत हे बघणं म्हणजे आडनाव किंवा कॅमेऱ्यातला चेहरा. त्यापेक्षा स्वतः भरा. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने दोन प्रश्नांचा एकच प्रश्न केला आणि ‘मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका’ हा गट वाढवला, पण अंमलबजावणीला २०२९ पर्यंत मुदत दिली. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत मुलं तीच राहून टक्के बदललेले दिसतील.

‘आशियाई’ या एका खान्यात मराठी, तमिळ, चिनी, व्हिएतनामी, ह्मोंग, फिलिपिनो सगळे येतात. तो एक आशियाई विद्यार्थी कदाचित ताई दाम घरातला असेल. हे लोक लाओसमार्गे १९७५ मध्ये गव्हर्नर रॉबर्ट रे यांच्या पुढाकाराने आयोवात वसले. तुम्हाला घरी मराठी बोलणारं दुसरं कुटुंब हवं असेल तर त्या खान्यातला आकडा उपयोगाचा नाही.

इथे एक बाब पालक क्वचितच लक्षात घेतात. निकालांच्या तक्त्यांत लहान गटांवर तारका असतात: गटात साधारण दहापेक्षा कमी मुलं असली की कोणाचा निकाल ते ओळखू येऊ नये म्हणून आकडा झाकतात. एकच खाना झाकला तर बेरजेतून वजाबाकी करून तो निघतो, म्हणून दुसराही झाकावा लागतो. त्यामुळे साठ मुलांच्या शाळेचा निकालतक्ता म्हणजे अर्ध्याहून अधिक तारकाच. त्या बघून ‘काहीतरी लपवतायत’ असं समजू नका. पटाचा तक्ता मात्र तसा झाकलेला नसतो. केंद्राच्या फायलीत इयत्ता, वंश आणि मुलगा-मुलगी अशी फोड असते. तुमची मुलगी तिथे ‘सातवी, आशियाई, मुलगी: १’ अशी उघड दिसेल. नाव नसतं आणि धोका मोठा नाही, पण लहान गावात राहताना हे ठाऊक असलेलं बरं.

एका शिक्षकामागे ४० मुलं या आकड्याने घाबरू नका, आणि तो १२ असता तरी खूश होऊ नका असं सांगितलं असतं. हा भागाकार एफटीईने होतो, म्हणजे पूर्णवेळाच्या हिशेबात किती शिक्षक. ६० भागिले १.५ म्हणजे ४०. लहान डिस्ट्रिक्टमध्ये गणिताचे शिक्षक सकाळी हायस्कुलात आणि दुपारी ऑनलाइन शिकवतात, पण त्यांची नोंद हायस्कूलच्या नावावर राहते. कधी अभ्यासक्रम आणि शिक्षक दोन्ही कंपनीकडून विकत घेतलेले असतात, मग ते या हिशेबात येतच नाहीत. विचारायचं ते असं: सातवीच्या गणिताला आणि चौथीच्या वाचनाला शिकवणारी व्यक्ती कोण, तिच्याकडे आयोवाचा परवाना आहे का, एकाच वेळी तिच्याकडे एकूण किती मुलं, आणि आठवड्यात समोरासमोरचे तास किती.

मोफत जेवणाचा शून्य टक्का तर सरळ दिशाभूल आहे. व्हर्च्युअल शाळा बहुधा जेवण देत नाही, मग ती राष्ट्रीय शालेय भोजन योजनेत नसते, मग अर्ज कोणी भरत नाही, मग आकडा शून्य किंवा रिकामा. मोफत जेवणाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३० टक्के उत्पन्नापर्यंत, सवलतीची १८५ टक्क्यांपर्यंत. त्या उत्पन्नाची घरं या शाळेत बहुधा असतील, फक्त मोजलेली नाहीत. ‘डायरेक्ट सर्टिफिकेशन’ची संख्या विचारली तर थोडा अंदाज येतो, कारण ती फूड स्टॅम्पसारख्या योजनांच्या याद्यांशी जुळवून काढतात, त्याला जेवणाचा अर्ज लागत नाही.

आता तक्त्यात जवळजवळ न दिसणारं वैविध्य. व्हर्च्युअल शाळेत मूल घालायला बहुतेक घरांना काहीतरी कारण असतं, आणि ती कारणं एकमेकांपासून फार लांबची असतात. दीर्घ आजार किंवा केमोथेरपी चालू असलेलं मूल, शाळेच्या धाकाने पोटात दुखणारं मूल, छळ झालेलं मूल, क्रेडिट मागे राहिलेले अकरावीतले विद्यार्थी, स्वतः आई झालेली मुलगी, पहाटे गोठ्यात काम करणारा मुलगा, स्पर्धांसाठी फिरणारी जिम्नॅस्ट, धार्मिक कारणाने घरी शिकवणारं कुटुंब, आणि इयत्तेच्या दोन वर्षं पुढे गणित करणारं पोर. साठांत हे सगळे एकेक-दोनदोन सापडतात. वर्गातल्या शिक्षकाला याच वैविध्याशी रोज झुंजावं लागतं. शाळेला विचारा: आयईपी (विशेष गरजांच्या मुलासाठी बनवलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) असलेली मुलं किती, आणि विशेष शिक्षक स्वतःचे की भाड्याचे? तुमच्या मुलांना आयईपी नसली तरी उत्तरावरून शाळेची शिस्त कळते. ‘आम्ही सगळ्यांना सामावून घेतो’ एवढंच उत्तर आलं तर संख्या पुन्हा मागा.

याच कारणाने चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचा टक्का वाचताना जपा. दोन वर्षं मागे पडलेला विद्यार्थी अकरावीत इथे आला आणि पाच वर्षांत पास झाला, तर तो शाळेचं यश असूनही तक्त्यात अपयश ठरतो. दहा जणांच्या तुकडीत असे तीन असले की ७० टक्के. तुमची मुलं लहान आहेत, हा आकडा सध्या बाजूला ठेवा.

हजेरीचंही तसंच. वर्षातले १० टक्के दिवस चुकले की मूल दीर्घ गैरहजर धरलं जातं, १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. पण ऑनलाइन हजेरी म्हणजे काय: लॉगिन, दिलेलं काम पूर्ण होणं, की शिक्षकाशी बोलणं? लॉगिनवर मोजणाऱ्या शाळेचा आकडा सुंदर दिसतो.

पटाची इयत्तावार विभागणी मागा, तुमच्यासाठी हीच सर्वात मोलाची. बालवाडीपासून बारावीपर्यंत तेरा इयत्ता, म्हणजे सरासरी साडेचार मुलं. पण व्हर्च्युअल शाळेत वजन वरच्या इयत्तांकडे झुकलेलं असतं. सातवीत तीन आणि चौथीत एक, हे अगदी शक्य आहे. मग शाळा काय करते? काही ठिकाणी सहावी ते आठवी एकत्र बसवतात. काही ठिकाणी विकतचा अभ्यासक्रम असतो, मूल एकटं व्हिडिओ बघून प्रश्न सोडवतं आणि सहाध्यायी असे नसतातच. आणि काही ठिकाणी कंपनीच्या वर्गात इतर राज्यांतली पंचवीस मुलं असतात, म्हणजे तुमच्या ९० टक्के गोऱ्या शाळेच्या मुलीचा प्रत्यक्ष वर्ग टेक्सास-जॉर्जियाच्या मुलांनी भरलेला. तिन्हींत शाळेचा डायव्हर्सिटी स्कोअर तोच ०.१९.

गावच्या शाळेबद्दलही एक सांगतो, कारण तुम्ही ती न बघताच बाजूला टाकताय असं वाटलं. आयोवातलं प्रत्येक लहान गाव गोरं असतं हा समज चुकीचा आहे. स्टॉर्म लेक, डेनिसन, पोस्टव्हिल ही मांसप्रक्रिया कारखान्यांची गावं आहेत. स्टॉर्म लेकच्या शाळांत हिस्पॅनिक, लाओशियन, मायक्रोनेशियन अशा कितीतरी घरांतली मुलं आहेत. तुमचं गाव तसं असेल तर गावची विटांची शाळा त्या व्हर्च्युअल शाळेपेक्षा कितीतरी रंगीबेरंगी निघेल. नसेल तरी तिथल्या सातवीत चाळीस-पन्नास मुलं असतील, आणि चाळीसांत मैत्रीण मिळणं तिघींत मिळण्यापेक्षा सोपं. मूल एकटं पडेल का, हे मुख्यतः संख्येवर आणि मुलाच्या स्वभावावर अवलंबून असतं. मुलगी बोलकी असेल, घराबाहेर बँड, पोहणं, वाचनालय असं काही असेल तर तीन जणांची इयत्ताही चालून जाते. लाजाळू असेल आणि गावात कोणी ओळखीचं नसेल तर पहिलं वर्ष व्हर्च्युअलमध्ये काढू नये, असं मी सुचवेन. व्हर्च्युअल घेतलीत तरी राहत्या डिस्ट्रिक्टच्या बँडमध्ये किंवा संघात भाग घेता येईल का, किती उपक्रमांत आणि शुल्क किती, हे लेखी विचारून ठेवा.

प्रवेशाच्या कागदांत दोन ठिकाणी गफलत होते. पहिली, ओपन एनरोलमेंट. शाळा शेजारच्या डिस्ट्रिक्टची आहे, त्यामुळे अर्ज राहत्या डिस्ट्रिक्टलाही कळवावा लागतो. मुदत, आणि परराज्यातून येणाऱ्यांना तीत सवलत आहे का, ते भाडेकरार करण्याआधीच विचारा. जन्मदाखला, राहण्याचा पुरावा, लसीकरण आणि जुन्या शाळेचं रेकॉर्ड लागतं. मुलं एच-फोर या आश्रितांच्या व्हिसावर असली तरी सरकारी शाळा नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर निकालानंतर इमिग्रेशनची स्थिती बघून प्रवेश अडवता येत नाही, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक देणं सक्तीचं नाही.

दुसरी, घरच्या भाषेचा फॉर्म. ‘मराठी’ लिहिलं की मुलांची इंग्रजीची चाळणी परीक्षा होऊ शकते. टाळण्यासाठी ‘इंग्रजी’ लिहिणारे पालक बरेच असतात. तसं करू नका. खरं लिहा आणि न्यू जर्सीतलं रेकॉर्ड सोबत द्या. इंग्रजी किती येतं हे बघायला तिथे विडाची परीक्षा चालते, आयोवात एल्पा २१. दोन्हींची मोजपट्टी वेगळी, त्यामुळे नुसते गुण पाठवून भागत नाही. मुलं ईएसएलमधून, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांच्या जादा वर्गातून, बाहेर पडली असतील तर ते पत्र किंवा ती कधी त्यात नव्हतीच याची नोंद मागून घ्या. वर्षाच्या सुरुवातीला ईएसएलसाठी निवड झाली तर ३० दिवसांत पालकांना कळवणं शाळेवर बंधनकारक आहे. ही परीक्षा आणि वसंतातली राज्याची आयएसएएसपी, जी तिसरी ते अकरावी सर्वांना असते, या प्रत्यक्ष जाऊन द्याव्या लागू शकतात. केंद्र घरापासून किती मैल आणि किती दिवस, तेही विचारा. थंडीत नसलं तरी सत्तर मैल दोन मुलांना घेऊन चार दिवस हा नोकरीवाल्या घराला छोटा खर्च नाही.

हे सगळं फोनवर विचारून झालं की शेवटची विनंती करा: सातवीच्या एका चालू तासाला बसू द्या. बहुतेक लहान शाळा आनंदाने लिंक देतात. तासाला सहभागींच्या यादीत किती नावं आहेत ती मोजा, किती कॅमेरे चालू आहेत ते बघा, आणि पंधरा मिनिटांत शिक्षकांनी किती मुलांना नावाने हाक मारली ते कागदावर टिपून ठेवा.